शून्य मीटर

डॉक्टर साठ्ये म्हणाले, बाई, तुम्ही नका जाऊ.
अर्जाच्या मागच्या बाजूला लिहिलं: उंचीस अपात्र.
बावीस वर्षं मी हिमालय काढतेय फळ्यावर,
खडू आडवा धरून, एका दमात,
कारण मध्ये थांबलं की शिखरं थरथरतात.
दम्याचा पंप टेबलाच्या खणात, डस्टरशेजारी.

मे महिन्यात अकराजण लडाखला गेले.
उसन्या कानटोप्या, मोठ्या भावांची जाकिटं,
अश्लेषा घरतच्या आईने दिलेला सोड्यांचा डबा.
खिंडीत सोडे! म्हटलं, असो.
सोबत माझ्याऐवजी पीटीचे सर,
ज्यांना सिंधू कुठली नि श्योक कुठली
हे अजून नकाशावर बोट ठेवून सांगावं लागतं.

मी इथे, शिवडीत, खिडकीशी.
फोनवर तुकडे येत राहिले.
बाई, वेफर्सचं पाकीट फुगून ढोलकं झालंय.
बाई, मुनाफच्या नाकातून रक्त आलं, पण थोडंच.
बाई, डाळ शिजतच नाही, तुम्ही सांगितलेलं तस्संच!
बाई, इथे आवाजच नाही, प्रणिलला झोप लागत नाही.

मग दोन दिवस रेंज नव्हती.
तपासायला पेपर नव्हते,
तरी लाल पेन हातात होतं.

परतल्यावर प्रणिलने पिशवीतून बाटली काढली,
रिकामी, बूच घट्ट.
खिंडीतली हवा आणली, म्हणाला, तुमच्यासाठी.
वर ती ताठ होती म्हणे.
इथे येईतो पोट आत गेलेलं,
कुणी मुठीत धरून पिळल्यासारखं.
मी ती पृथ्वीच्या गोलाशेजारी ठेवली.
शिकवताना म्हटलं, हा वायुदाब.
तास संपल्यावर काहीच म्हटलं नाही.

जानेवारीत तिकडचे अकराजण आले.
रिगझिन आंगमो माझ्या घरी उतरली.
पहिल्याच दिवशी, वर्गात, तहान लागली म्हणून
तिने बाटलीचं बूच फिरवलं.
टक्.
बाटली सरळ झाली. अख्खा वर्ग उभा.
यात तर काहीच नाही, ती घाबरून म्हणाली,
आणि प्रणिल माझ्याकडे बघेना.
मला हसू आलं. आधी हसू, मग खोकला.

संध्याकाळी तिला जेट्टीवर नेलं.
तिला समुद्र नको होता, शून्य हवं होतं.
तिच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलंय म्हणे,
समुद्रसपाटीपासून इतके इतके मीटर.
बालवाडीपासून वाचतेय, आता
ती सपाटी दाखवा.

ओहोटी होती. चिखल, चिखलात तिवरांची मुळं,
लांबवर फ्लेमिंगो, माना खाली घालून,
जणू कुणाचं काही हरवलंय.
पाणी कुठे सुरू होतं हेच कळेना.
सहा तासांनी इथवर येईल,
मी खांबावरचं शेवाळ दाखवलं.
मग शून्य कुठलं? हे, की ते?
सरासरी, मी म्हटलं. वर्षानुवर्षं मोजून काढलेली.
म्हणजे आत्ता ते कुठेच नाही?

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

इथली हवा जड आहे, ती थोड्या वेळाने म्हणाली,
छातीवर लहान मूल बसून राहिल्यासारखी.
तुम्हाला नाही होत?
मी पर्समधून पंप काढून दाखवला.
तिने उलटसुलट पाहिला, फुंकर मारली, परत दिला.

निघताना तिने दप्तरातून तीच बाटली काढली,
उघडून चिखलावर धरली, जरा वेळ,
आणि दात दाबून बूच आवळलं.
वडिलांना वास देईन, म्हणाली, त्यांना खोटं वाटतं.
घरी पोचेतो फुगेल, मी सांगणार होते,
कारणे द्या, दोन गुण,
पण तेवढ्यात पाण्याची एक चिरी
पक्ष्यांच्या पायांखालून आमच्याकडे सरकली
आणि ती जेट्टीच्या कडेला उकिडवी बसून
मोठ्याने मोजू लागली.